लग्नात आलेली सायकल



आम्ही बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावच्या बचत गटाच्या बाया. आजवर आम्ही शेळीपालन, शेवया, लोणची, बँकेचं कर्ज असल्या विषयांवर बोललो. आज एका जुन्या सायकलीचा इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की राजे, किल्ले, लढाया डोळ्यांपुढं येतात. पण आपल्या गोठ्यात कडब्याच्या मागं धूळ खात पडलेल्या वस्तूलाही इतिहास असतो. त्यात आपण बायका कुठं होतो हे शोधायला बसलं की बरंच काही हाताला लागतं.

झालं असं. मागच्या श्रावणात गावात भंगारवाला आला. आमच्या गटातल्या एका आजींच्या मुलानं गोठ्यातून सायकल ओढून बाहेर काढली. टायर कुजलेले, चेन काठीसारखी ताठ, गादीचं कातडं उंदरांनी खाल्लेलं. भंगारवाल्यानं ती काट्याला अडकवली. वजन भरलं २० किलो. किलोला २५ रुपये, म्हणजे ५०० रुपये. तो पैसे मोजून द्यायला लागला तेवढ्यात आजी काठी टेकत आल्या आणि हँडलला हात धरून उभ्या राहिल्या.

"ही इकायची न्हाई. ही माझ्या लग्नातली हाय."

मुलगा म्हणाला, "आई, तुला काय करायचीय? तू कधी बसलीस का तिच्यावर?"

आजी म्हणाल्या, "न्हाई बसले. म्हणूनच इकायची न्हाई."

आम्ही तिथंच होतो, गटाची बैठक आटोपून निघालो होतो. आजींचं ते बोलणं ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. भंगारवाला काटा गुंडाळून पुढच्या गल्लीत गेला. सायकल आजींच्या अंगणात राहिली.

आता दुसरी गोष्ट ऐका. या आजींची नात यंदा अकरावीला गेली. कॉलेज तालुक्याच्या वाटेवरच्या मोठ्या गावात, ७ किलोमीटरवर. सकाळची एसटी वेळेवर आली तर आली, परत यायला संध्याकाळ. नातीचे आई-बाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की ट्रक येतो, पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन माणसं कारखान्यावर जातात ती उन्हाळ्यातच परततात. तुम्हाला हे सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात आणि मुकादम उचल देतो ती त्या कोयत्यावर. एकट्या बाईचा कोयता होत नाही, एकट्या गड्याचाही होत नाही. म्हणून पोरगी शाळेतून निघाली की घरात बोलणं सुरू होतं, हिला कोणाच्या भरवशावर ठेवायचं? मग स्थळ येतं. लग्न होतं. आणि पुढच्या हंगामाला एक नवा कोयता तयार होतो.

या पोरीलाही स्थळ आलं होतं. वय १६. पाहुणे म्हणत होते, पोरीला रोज एवढ्या लांब कोण नेऊन सोडणार? आमच्या गटानं त्या दिवशी अंगणात ठरवलं की दिवाळीच्या आत ही सायकल रस्त्यावर आणायची.

चिंचेच्या कोळानं हँडलखालची पितळी पट्टी घासली तेव्हा नाव दिसलं, ॲटलस. तिथून आमचं इतिहासाचं शोधणं सुरू झालं. आम्ही शाळेतल्या गुरुजींना विचारलं, पुस्तकं बघितली, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं.

आज आपण बघतो तशी सायकल १८८५ साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी बाजारात आणली. दोन सारखी चाकं, आणि पायडल मारलं की चेन मागचं चाक फिरवणार. त्याच्या आधीच्या सायकलीचं पुढचं चाक माणसाच्या छातीइतकं उंच असे. पडला तर डोकं फुटायचं. मग १८८८ मध्ये जॉन डनलप यांनी हवा भरलेल्या रबरी टायरचं पेटंट घेतलं. हे डनलप कोण, तर जनावरांचे डॉक्टर. पोराच्या तीनचाकी गाडीला दगडधोंड्यांत धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी तो खटाटोप केला होता.

सायकल स्वस्त झाली तशा तिकडच्या बायकाही तिच्यावर बसायला लागल्या. तेव्हा काय काय बोललं गेलं! बाई सायकलवर बसली तर तिचा चेहरा कायमचा ताणलेला, वाकडा होतो असं तिथले डॉक्टर सांगत. त्या रोगाला नावही दिलं होतं, 'सायकल-चेहरा'. असा कुठला रोग नव्हता. बाई एकटी, कोणाला न विचारता, वेशीबाहेर जाऊ शकते याचीच खरी भीती होती. अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून झटणाऱ्या सुझन अँथनी यांनी १८९६ मध्ये सांगितलं होतं की बायकांना मोकळं करायला सायकलीइतकं दुसऱ्या कशानंच केलेलं नाही.

आपल्याकडं सायकल आली ती बोटीनं, इंग्लंडच्या बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमच्या कारखान्यांतून. तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. पैसाही निजामाचा, हाली सिक्का. त्या काळी सायकल म्हणजे साहेबाचं, अंमलदाराचं, सावकाराच्या पोराचं वाहन. गरिबाला बैलगाडी नाहीतर पाय. १७ सप्टेंबर १९४८ ला आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

याच वर्षांत सायकलही देशी झाली. मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलस सायकल बनू लागली, बंगालात आसनसोलला रॅले. हरियाणातल्या सोनिपतला जानकीदास कपूर यांनी १९५१ साली ॲटलसचा कारखाना काढला, आणि १९५६ मध्ये पंजाबात लुधियानाला मुंजाल भावांनी हीरो सायकल सुरू केली. काळा रंग, २८ इंची चाकं, मधे आडवा दांडा, मागं लोखंडी कॅरिअर. दूधवाला, खवेवाला, पोस्टमन, मास्तर, सगळे त्याच एका जातीच्या सायकलीवर. कॅरिअरला दोन्हीकडं दुधाचे कॅन लटकवले तरी ती कुरकुरत नसे.

सायकल म्हणजे घरची मालमत्ता. सरकारनंही ती तशीच धरली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामपंचायतीला जे कर बसवता येतात त्यांत सायकलीवरचा आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यांवरचा कर आहे. गावातले म्हातारे नगरपालिकेच्या सायकल-बिल्ल्याची आठवण सांगतात. कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो सायकलीला लावायचा. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडून द्यायचा. डबलसीट दिसले तर तेच.

आता ही मालमत्ता आपल्या घरांत कशी आली ते ऐका. आजींचं लग्न १९७० साली झालं, बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधी. आजी तेव्हा पंधरा वर्षांच्या. त्या काळी कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १५ च होतं, १९७८ मध्ये ते १८ झालं. सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांनी तीन वस्तू मागितल्या. सायकल, मनगटी घड्याळ आणि रेडिओ. आजींच्या वडिलांनी रेडिओ जमत नाही म्हणून हात जोडले, घड्याळ कबूल केलं, आणि सायकलीसाठी एक बैल विकला.

हे आजींनी सांगितलं तसं गटातल्या आणखी दोघी-तिघी म्हाताऱ्या बोलायला लागल्या. एकीच्या लग्नात सायकल दिली होती, एकीच्या लग्नात सायकल दिली नाही म्हणून नवरदेव मांडवातून उठून बसला होता. हुंडाबंदीचा कायदा तर १९६१ लाच झाला होता. पण हुंडा म्हणायचंच नाही, आंदण म्हणायचं, आहेर म्हणायचं, पोराची हौस म्हणायची. बैल बापाचा गेला, नाव लेकीचं झालं, आणि सायकल जावयाची.

आजी म्हणाल्या, "माझ्यासंगं आली, पर माझी कधी झालीच न्हाई."

त्या सायकलीवर आजी बसल्या त्या मागं कॅरिअरवर, त्याही मोजक्या वेळा. माहेरी जाताना, दवाखान्यात जाताना. पदर डोक्यावर घट्ट धरून, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. गावाची वेस आली की उतरायचं, कारण मोठ्या माणसांसमोर सुनेनं सायकलवरून जायचं नाही. मग आजोबा सायकल हातात धरून पुढं, आणि आजी दहा पावलं मागं.

मग दुष्काळ पडला. १९७२ चा दुष्काळ आपल्या आयाबायांनी अंगावर काढला. खडी फोडायची कामं निघाली, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. आजी आणि आजोबा दोघंही कामावर होते. काम चार मैलांवर. आजोबा सायकलवर जायचे, आजी डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन पायी. त्यांनी फोडलेल्या खडीचा रस्ता आज आमच्या गावाला आहे. हे ऐकताना आमच्या मनात आलं ते सांगतो. रस्ता बायकांनी केला, सायकल बायकांच्या बापाच्या पैशानं आली, आणि त्या रस्त्यावर ती सायकल चालवायचा हक्क तेवढा बायकांना नव्हता. तो कोणी कायदा करून नाकारला नव्हता. नुसती रीत होती. कायदा निदान कागदावर वाचता तरी येतो, रीत कुठं लिहिलेली नसते.

आता दुरुस्तीकडं येऊ. सायकल दुरुस्तीची विद्या ही पुरुषांची, तीही उस्तादाकडून चेल्याकडं जाणारी. आम्हाला पान्हा कसा धरायचा ते माहीत नव्हतं. तालुक्याच्या गावात एक म्हातारे चाचा आहेत, चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवणारे. आम्ही चौघी जणी एसटीनं त्यांच्याकडं गेलो. ते आधी हसले. म्हणाले, "बाई, सोडून जा सायकल, आठ दिवसांनी घेऊन जा." आम्ही म्हटलं, "चाचा, सायकल करून नको, शिकवा." चाचांनी आमच्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग चहा सांगा, वेळ लागेल."

सगळी सायकल खोलून, धुऊन, तेल-ग्रीस घालून पुन्हा जोडणं, त्याला दुकानात 'ओव्हरऑइल' म्हणतात. चाचांनी आम्हाला पहिलं सांगितलं ते हे, की कुठलीही जुनी सायकल घेण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. सांगाडा, म्हणजे फ्रेम, कुठं चिरली तर नाही ना, विशेषतः सांध्यांपाशी. पुढचा चिमटा वाकलेला तर नाही ना. आणि रिम गंजून पातळ तर झाली नाही ना. या तीन गोष्टी धड असतील तर सायकल जगते. बाकी सगळं बदलता येतं. आमची तिन्हीत पास झाली.

सहा रविवार आम्ही काम केलं. पहिल्या रविवारी सायकल पालथी घातली आणि गंजलेल्या प्रत्येक नट-बोल्टवर डिझेल सोडून रात्रभर तशीच ठेवली, चुलीपासून लांब. पूर्वी हे काम रॉकेलनं व्हायचं, आता रेशनला रॉकेल कुठं मिळतं? दुसऱ्या दिवशी निम्मे नट आपसूक सुटले. डावं पायडल मात्र काही केल्या सुटेना. दोघींनी जोर लावला, तिसरीनं पान्ह्यावर पाय ठेवला. शेवटी चाचांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "उलटं फिरवताय!" डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून तशी सोय केलेली असते. आपण नेहमी ज्या बाजूला फिरवून घट्ट करतो त्या बाजूला फिरवलं की ते सुटतं. हे ज्याला माहीत नाही तो आटे घालवून बसतो.

मग चाकं खोलली. आतून छर्रे निघाले, काही चपटे झालेले, काही गंजून एकमेकांना चिकटलेले. पुढच्या चाकात दोन्ही बाजूंना १०-१०, मागच्यात ९-९ मोठे, आणि पायडलच्या मधल्या नळीत ११-११. त्या मधल्या भागाला दुकानात 'बीबी' म्हणतात. आमच्यातली एक म्हणाली, "बघा, सायकलीतही सगळं बीबीवरच फिरतंय, आणि दिसत मात्र कुणालाच नाही." त्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली. जुने छर्रे काढले, नवे घातले, कपांत ग्रीस भरलं. ग्रीस भरताना हात स्वच्छ हवा, मातीचा एक कण गेला तरी तो आतून चरतो.

स्पोक मोजल्या. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४०, कारण बसणाऱ्याचं आणि कॅरिअरवरचं ओझं मागच्या चाकावर येतं. सहा तुटलेल्या होत्या, त्या बदलल्या. चाक सरळ करणं, ज्याला 'आउट काढणं' म्हणतात, ते मात्र आम्हाला जमलं नाही. त्यासाठी चाकं एसटीत टाकून चाचांकडं नेली. प्रत्येक गोष्ट स्वतःच करायची असा हट्ट धरला तर पैसे वाचत नाहीत, वाया जातात.

गंज काढायला पॉलिश पेपर वापरला. जिथं चकाकी शिल्लक होती तिथं चिंचेचा कोळ आणि चुलीतली बारीक राख लावून घासलं, लगेच धुऊन, पुसून तेलाचा हात दिला. भांडी घासायची आपली विद्या इथं कामाला आली. चेन मात्र नवी घेतली. चाचा म्हणाले की ताठ झालेली चेन तेलानं नरम होते, पण भर रस्त्यात कधी तुटेल याचा भरवसा नाही.

मग आमची फजिती झाली. सगळं जोडून झालं, पायडलला हात लावून फिरवून बघतो तर दोन्ही पायडलं एका रेषेत येईनात. एक वर असलं की दुसरं बरोबर खाली हवं, ते जरा तिरकं. आम्हाला वाटलं दांडाच वाकला. आजींचा मुलगा बाजेवर बसून म्हणाला, "मी सांगितलं होतं, ५०० घ्या म्हणून." आम्ही काही बोललो नाही, पण मनातून खचलो. रात्री चाचांना पुन्हा फोन. त्यांनी एकच विचारलं, "कॉटर पिना कशा घातल्यात?" पायडलचा दांडा ज्या खिळीनं अडकवलेला असतो ती कॉटर पिन. ती दोन्हीकडं एकमेकींच्या उलट बाजूनं घालायची असते. आम्ही दोन्ही एकाच बाजूनं ठोकल्या होत्या. सकाळी एक काढून उलटी घातली, आणि पायडलं सरळ! आजींचा मुलगा बाजेवरून उठून बघायला आला. त्या दिवसापासून हवा भरायचं काम त्यानंच घेतलं.

खर्चाचा हिशेब वहीत आहे तसा सांगतो. दोन टायर ६४०, दोन ट्यूब २८०, चेन १८०, छर्रे आणि ग्रीस ९०, कॉटर पिना ४०, ब्रेकचे रबर ६०, स्पोक ६०, रंग, पॉलिश पेपर आणि तेल २१०, आउट काढायची मजुरी १००. एकूण १६६०. अशी नवी सायकल घ्यायची तर पाच-सहा हजारांच्या पुढंच जावं लागतं. गादीचा खर्च शून्य, कारण जुन्या स्प्रिंगांवर गोणपाट आणि त्यावर जुन्या सतरंजीचं कव्हर आम्हीच शिवलं. घंटी जुनीच, आतलं तेल बदलल्यावर वाजू लागली.

पैसे कमी असले की काय आधी घ्यायचं, याचा एक नियम आम्ही शिकलो. जीव ज्यावर अवलंबून आहे तिथं हात आखडायचा नाही. ब्रेक, टायर, चेन आणि छर्रे हे आधी आणि चांगले. रंग, गादी, घंटी, दिवा हे नंतर, हळूहळू. पुष्कळ जण उलटं करतात. आधी रंग मारतात, आणि ब्रेक जुनेच ठेवतात.

हे १६६० रुपये गटातून अंतर्गत कर्ज म्हणून दिले. बैठकीत वाद झाला. एकजण म्हणाली, कर्ज नातीच्या बापाच्या नावानं लिहा, फेडणार तोच. दुसरी म्हणाली, तो तर दिवाळीला कारखान्यावर जाणार. आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या नावानं लिव्हा. मी शेळीच्या पैशातनं महिना दोनशे देते."

सायकल तयार झाली, आता बसायचं कसं? मधे आडवा दांडा. ती गड्यांची सायकल. सलवार घालूनसुद्धा पाय वरून टाकायला पोरगी लाजत होती. तेव्हा आम्ही तिला तमिळनाडूची गोष्ट सांगितली. पुदुकोट्टई नावाचा आपल्यासारखाच कोरडवाहू, गरीब जिल्हा. तिथं १९९१ मध्ये साक्षरतेची मोठी चळवळ झाली आणि तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर बायकांना सायकल शिकवायचं मनावर घेतलं. शेतमजूर बाया, दगडखाणीतल्या बाया, नर्स, अंगणवाडीताई, सगळ्या शिकल्या. १९९२ च्या महिलादिनाला दीड हजार बायकांनी हँडलला झेंडे लावून गावभर सायकली फिरवल्या. पुढं त्या जिल्ह्यात लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी याविषयी लिहिलं आहे. त्यांनी एक गोष्ट टिपली ती आम्हाला फार आवडली. दुकानांत लेडीज सायकली पुरेनात म्हणून बायकांनी गड्यांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या. का? तर त्या दांड्यावर लेकरू बसवता येतं!

पोरगी हसली आणि पाय वरून टाकला.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही शिकवायला जायचो. शिकवायला म्हणजे कॅरिअर धरून मागं पळायला. पारावरच्या पोरांनी दोन दिवस शिट्ट्या मारल्या, तिसऱ्या दिवशी कंटाळली. तिच्याबरोबर गटातल्याही दोघी शिकल्या, एक पस्तीस वर्षांची आणि एक बेचाळीस वर्षांची. गुडघे फुटले. घरी सांगितलं, पाय घसरला.

इथं सरकारी योजनेबद्दल बोलायला हवं. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून, मागे राहिलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल अशा मुलींसाठी ती आहे. योजना चांगली आहे, ज्यांना लागू आहे त्यांनी शाळेत चौकशी जरूर करा. आमची पोरगी ७ किलोमीटरवाली, म्हणून ती त्यात बसत नव्हती. पण आम्हाला सांगायचंय ते वेगळंच. आम्ही आजूबाजूच्या गावांत बघितलं, मुलींना मिळालेल्या कितीतरी चांगल्या सायकली भिंतीला टेकून उभ्या आहेत. एक पंक्चर, एक सुटलेली चेन, एवढंच कारण. भावाला वेळ नाही, बाप कारखान्यावर, दुकान तालुक्याला. पोरगी पुन्हा पायी. सायकल हातात आली, पण पान्हा आला नाही, तर ती वस्तू अजून दुसऱ्याच्या मर्जीवरच आहे. आजींच्या बाबतीत पन्नास वर्षांपूर्वी जे झालं तेच थोडं वेगळ्या रूपात.

म्हणून आमच्या गटानं १६६० च्या वर आणखी खर्च केला तो एका डब्यावर. एक पान्हा, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंक्चरचं सोल्युशन, जुन्या ट्यूबची ठिगळं, वॉल्व्हची रबरी नळी आणि एक हातपंप. हा डबा गटाचा आहे. गावातली कोणतीही पोरगी येऊन नेऊ शकते, वहीत सही करायची आणि परत आणायचा. पंक्चर काढायला आता गावात सहा जणींना येतं.

दिवाळी झाली, ट्रक आला. पोरीचे आई-बाप गेले. जाताना बाप म्हणाला, "आई, हिला सांभाळ." स्थळाचं काय झालं? आम्ही पाहुण्यांना सांगितलं की पोरगी अठराची होईपर्यंत या घरात लग्नाचं बोलणं निघणार नाही, आणि तरी कोणी काढलंच तर १०९८ हा नंबर आम्हाला पाठ आहे. मैत्रिणींनो, तुम्हीही पाठ करा. लेकरांच्या मदतीसाठीचा तो फोन आहे, पैसे लागत नाहीत. पण नुसता फोन पुरत नाही. 'पोरीला कोण नेऊन सोडणार' या प्रश्नाला उत्तर लागतं. आमचं उत्तर अंगणात उभं होतं.

ज्या ॲटलसच्या कारखान्यात ही सायकल घडली असेल, त्या कंपनीनं ३ जून २०२० ला आपला शेवटचा चालू कारखाना बंद केला. ३ जून हा जागतिक सायकल दिन. कारखाना गेला, आजोबा गेले, बिल्ला गेला, बैल तर केव्हाच गेला. सायकल मात्र रोज सकाळी साडेसहाला आमच्या गावातून निघते, आजींनी जवानीत खडी फोडलेल्या रस्त्यानं.

परवा गटाच्या वहीत कर्जाची नोंद पक्की करायची होती. तारण म्हणून काय लिहायचं असं सचिवताईंनी विचारलं. आजी म्हणाल्या, "सायकल लिव्हा." सचिवताईंनी लिहिलं, 'सायकल एक, ॲटलस, काळी'. पुढं रकाना होता, मालक. त्यात आजींचं नाव लिहिलं. आजींनी ते बोट लावून वाचून घेतलं आणि सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली सही, जरा वाकडी. घर आजोबांच्या नावावर होतं, आता मुलाच्या नावावर आहे. शेतही तसंच. आजींच्या नावावर कागदावर लिहिलेली ही पहिली वस्तू, लग्नानंतर पन्नासहून जास्त वर्षांनी.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी भंगारवाला आला की आधी काट्यावर काय चाललंय ते बघा. कोणाच्या लग्नातली आहे ते विचारा. फ्रेम, चिमटा आणि रिम तपासा. धड असेल तर चार जणी बसा, डावं पायडल उलटं सुटतं हे लक्षात ठेवा, आणि कॉटर पिना एकमेकींच्या उलट बाजूनं घाला. अडलं तर आमच्या गावी या, डबा आणि चहा दोन्ही आहे.